एकट्या बायका उतरायच्या ते घर

त्या दुपारी मी आणि माझी बायको भागी वाडीत चादरींच्या घड्या घालत होतो. दोरीवर सात चादरी होत्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. चादर ताणून झटकायची, एकमेकांकडे चालत जायचं, आपली टोकं तिच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून परत मागे यायचं. इतकी वर्षं हे काम केलं, तरी माझा कोपरा खाली लोंबायचाच.

"कोपरा मातीला लागला," ती म्हणाली.

"लागू दे. कोण तपासतंय?"

"उद्या दोन नर्सबाया येणार हायत. त्यांचं कामच तपासायचं हाय."

सातवी चादर झाली. ती ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, जरा पाणी द्या. मी आत गेलो, तांब्या भरला, बाहेर आलो. ती खांबाला टेकून बसली होती, डोळे उघडे होते. मी तांब्या पुढे केला. तिने घेतला नाही. मी रागावलो सुद्धा, की पाणी मागून आता घेत का नाहीस. मग कळलं.

गेल्या माघातली गोष्ट. वैद्य म्हणाले, काळीज बंद पडलं. मी म्हटलं बरं.

आता हे लिहायला मला कर्णिकबाईंनी सांगितलंय. बाई मुंबईत गिरगावात शाळेच्या मुख्याध्यापक आहेत आणि त्यांच्या ओळखीचा दिवाळी अंक निघतो. त्या म्हणाल्या, "गणपतभाऊ, भागीरथीबाईंच्या घराबद्दल लिहा. पुढे बायकांना वाचायला मिळालं पाहिजे." मी मराठी तिसरी शिकलेला. बाईंना आधीच सांगितलंय, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, पण माझं वाक्य गोड करू नका. मला गोड लिहिता येत नाही आणि ती पण गोड नव्हती.

मी जातीचा भंडारी, गाव नागाव. माझा धंदा माडी काढायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, माडावर चढलं, मडकं बांधलं, झालं. तसं नाही. नारळाच्या माडाला फुलोरा यायच्या आधी लांब शेंगेसारखी पोय येते. ती उघडू द्यायची नाही. करकचून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, वाकवायची, टोकाची पातळ चकती उतरवायची. हे काही दिवस केलं की ती पाझरायला लागते. मग खाली मडकं. त्यात जमते ती माडी. सकाळ-संध्याकाळ चढायचं, चकती काढायची, मडकं उतरवायचं. एक दिवस चुकला तर पोय रुसते. हात जड पडला तर सुकते. माझा हात गावात नावाजलेला होता. रेवदंड्याहून माणसं यायची, गणपतच्या हातची म्हणून.

स्वराज्य आलं आणि दोन-तीन वर्षांत सरकारने दारूबंदी केली. एका दिवसात माझा हात बेकायदा झाला. सरकारचं बरोबर की चूक, ते मी सांगत नाही. दारूने मेलेली माणसं मी पण बघितली आहेत. पण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी धंदा गेला की माणसाला काय होतं, ते सांगतो. तो बायकोवर ओरडतो. मी ओरडलो. मग एक बैलगाडी केली आणि अलिबागच्या बाजारात लोकांचे नारळ पोचवायला लागलो.

त्या गाडीतून आमच्या घरी पहिल्या पाहुण्या आल्या. अलिबागला एस.टी.च्या थांब्यावर एक तिशीची बाई ट्रंकेवर बसली होती, शेजारी तिची म्हातारी आई खोकत होती. डॉक्टरने समुद्राची हवा सांगितली म्हणून मुंबईहून लाँचने रेवसला, तिथून अलिबागला आलेल्या. सकाळपासून त्यांनी तीन ठिकाणी खोली मागितली होती. सगळीकडे एकच प्रश्न, सोबत पुरुष कोण? पुरुष कोणी नाही म्हटलं की खोली पण नाही. ती बाई म्हणजे कर्णिकबाई.

मी दोघींना गाडीत घातलं ते दया म्हणून नाही. रिकामी गाडी परत न्यायची होती आणि म्हातारीचा खोकला ऐकवत नव्हता. घरी आणलं तर भागी दारामागे.

"कोन हायत?"

"मुंबईच्या हायत. चार दिवस राहतील."

"माझ्याशी बोलू नका म्हणावं. मला बोलता येत न्हाय."

हे खरं होतं. भागी घरात माझ्याशी भांडायची, शेजारच्या यमुनाशी तासन्‌तास बोलायची, पण परकं माणूस आलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. त्या चार दिवसांत म्हातारीला आल्याचा काढा, गरम पेज, आंघोळीला गोड्या विहिरीचं ऊन पाणी, सगळं दिलं, पण बोलली माझ्यातून. "त्यांना विचारा, मासे तिखट लागले काय." बाई समोर बसलेली, ऐकतेय. मी विचारायचं, "मासे तिखट लागले काय?" बाई हसून म्हणायची, "नाही म्हणून सांगा." मी वळून सांगायचं, "नाही म्हणतायत." तमाशा होता नुसता.

जाताना बाईंनी पैसे पुढे केले तर भागी आत पळाली. आमच्यात जेवलेल्या माणसाकडून पैसे घेत नाहीत. यमुनाने तर दुसऱ्या दिवशी कुंपणावरून टोमणा मारलाच, "काय गो भागी, भात इकायला काढलास? उद्या कालवणाची दवंडी पिटशील!" भागी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भाताचे पैसे न्हाय घेनार. खाटेचे घेईन. खाट काय देव न्हाय." तिचा धंदा असा सुरू झाला. शेवटपर्यंत तिच्या घरात जेवण फुकट आणि खाट विकत होती. हिशोब एकच, पण तिला झोप लागायची.

कर्णिकबाईंनी शाळेतल्या दुसऱ्या मास्तरणींना सांगितलं. त्यांनी नर्सिंग करणाऱ्या मैत्रिणींना. दिवाळीची सुटी, नाताळ, मे महिना, बायका यायला लागल्या. कोणी लग्न न झालेली, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी विधवा. नवऱ्यांसकट कुटुंबं पण यायची, पण आमच्या घराचं नाव झालं ते एकट्या बायकांनी उतरावं असं घर म्हणून. भागीने तसं ठरवून केलं नव्हतं. पण एकदा लक्षात आल्यावर तिने ते असं धरलं, जसं मी माड धरायचो.

या धंद्यात काय असतं, लोकांना कल्पना नाही. मुंबईचं माणूस समुद्र बघून खुळं होतं. पहिल्या दिवशी चार शहाळी पितं, दहा ताडगोळे खातं आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतं. म्हणून भागी पहिल्या दिवशी मऊ भातच वाढायची, कितीही तोंड वाकडं केलं तरी. आणि पाण्यात जायचं ते पाणी चढत असताना. ओहोटीला घोट्यापुढे पाय नाही. भरतीची वेळ आम्ही तिथीवरून काढतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमी असेल तर सहा. भागीला वाचता येत नव्हतं, पण ही पाऊणपट ती बोटांच्या पेरांवर माझ्याआधी करायची.

एका गृहस्थाने मला विचारलं होतं, समुद्र किती वाजता बंद होतो? मी म्हटलं, सुट्टी रविवारी असते. एक बाई मुंबईहून सुरईतून स्वतःचं पाणी घेऊन यायच्या, ते संपलं की आमचं प्यायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या पाण्याला आमच्यासारखी चव नाही. आणि एक पन्नाशीच्या केशवपन केलेल्या बाई होत्या, कोणाच्या तरी आत्या. त्यांनी आयुष्यात समुद्रात पाय घातला नव्हता. भागीने त्यांचा हात धरून त्यांना गुडघ्यापर्यंत नेलं. लाट आली, दोघी बसल्या. त्या बाई इतक्या मोठ्याने हसल्या की मी बांधावरून धावत आलो, वाटलं बुडाल्या. भागी मला म्हणाली, "तिकडं तोंड करा." मी माडांकडे तोंड करून उभा राहिलो, आणि मागे दोन बायका पोरींसारख्या हसत होत्या.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय या लिहिण्याला अर्थ नाही.

होळीच्या सुमारास मुंबईच्या कचेरीतले दोन बाबू गावात आले होते. एक चष्मेवाला, एक जाडा. मी त्यांना गाडीतून फिरवलं. जाडा म्हणाला, "माझे वडील सांगायचे, नागावच्या गणपतच्या हातची माडी प्यायली की दुसरी पाणी वाटते. तो म्हातारा आहे का अजून?" मी म्हटलं, तो मीच. त्याने माझे हात हातात घेऊन बघितले. खरंच बघितले, देवळातल्या मूर्तीसारखे. पैशाचं तो काही बोलला नाही. पैसे बोलला असता तर मी नाही म्हटलं असतं. म्हणाला, "मे महिन्यात परत येतो. एकदा चव दाखवा."

तीन वर्षं माझ्या कोयतीला गंज चढला होता. मी ती घासली.

विहिरीमागे एक माड आहे, जरा कलता. त्या वाडीतला सगळ्यात पाझरणारा. तोच निवडला. भागीला सांगितलं, भुंगा लागलाय, रोज बघायला लागेल. भागी भंडाऱ्याचीच लेक. तिने विचारलं, "एकाच माडाला?" मी म्हटलं, "सुरुवात एकापासूनच होते." रोज पहाटे चढायचो, खाली पडलेल्या चकत्या वेचून गवतात पुरायचो. खोटं सांगत नाही, त्या दिवसांत मी आनंदात होतो. पोयीवर पहिला थेंब जमला तेव्हा माडाच्या शेंड्यावर मी एकटाच हसलो.

मे महिन्यात बाबू आले. मी भागीला न विचारता त्यांना पडवी दिली. त्याच आठवड्यात कर्णिकबाई शाळेच्या बारा मुली घेऊन आल्या. इतक्या मुली, एक मास्तरीण, बरोबर पुरुष कोणी नाही. मुलींच्या बापांनी तीन-तीनदा विचारून पाठवल्या होत्या. भागीने आठ दिवस घर सारवलं, कुठून कुठून उशा मागून आणल्या. म्हणाली, "या पोरी सुखानं परत गेल्या ना, की मग कोनी विचारनार न्हाय, सोबत पुरुष कोन म्हणून."

त्या सकाळी मी बाबूंना मडकं दिलं. सांगितलं, आत्ताच प्या, दुपारपर्यंत ठेवू नका. आणि इथे माझी अक्कल गेली होती, कारण माझ्या मनात ही दारू नव्हतीच. आमच्यात पहाटेची माडी पोरंसुद्धा पितात. गोड असते, नारळाच्या पाण्यासारखी. उन्हात राहिली की चढते. त्यांना चढलेलीच पाहिजे होती. त्यांनी ते मडकं पडवीच्या पत्र्यावर उन्हात ठेवलं.

भागी अंगण झाडत होती. मला हाक मारली. तिच्या तळहातावर एक पातळ पांढरी चकती होती.

"हे काय?"

"खारीनं कुरतडून पाडलं असेल."

तिने माझ्याकडे बघितलं. मग आतून एक मुलगी आली, काकू, पाणी तापलं का, आणि भागी गेली.

दुपारी मुली विहिरीवर कपडे धूत होत्या. जाडा बाबू झोकांड्या खात तिकडे गेला. तोंडाने गाणं चाललेलं. मुलींनी किंचाळून कपडे टाकले आणि घरात पळाल्या. एकीचा पाय घसरला, गुडघा फुटला. त्याने कोणाला हात लावला नाही. पण हात लावला नाही, हे काही घराबद्दल सांगायचं बोलणं आहे काय?

मी वाडीतून धावत आलो तोवर भागी विहिरीपाशी उभी होती. परक्या पुरुषाशी जी माझ्यातून बोलायची ती. पदर खोचलेला. म्हणाली, "उठा." तो खाली बसला होता. "दोघं उठा. गाडी जुंपलीय. संध्याकाळची एस.टी. गाठायची." चष्मेवाला म्हणाला, "अहो बाई, तुमच्या मालकांनीच..." तिने त्याला पुरं बोलू दिलं नाही. "त्यांचं मी बघते. तुमी उठा."

ते गेले. गाडी यमुनाच्या नवऱ्याने हाकली.

कर्णिकबाई ओटीवर उभ्या होत्या, मुली त्यांच्यामागे. मी भागीला बाजूला घेतलं. कुजबुजलो, "सांग, त्यांनी बाहेरून बाटली आणली होती म्हणून. सगळं मिटेल." ती माझ्याकडे न बघता सरळ ओटीकडे गेली आणि म्हणाली,

"बाई, माडी माझ्या घरात काढलीय. माझ्या मालकांनी काढलीय, त्या विहिरीमागच्या माडाची. मला सकाळी संशय आला होता. मी बोलले न्हाय, ती माझी चूक. तुमाला जायचं असंल तर गाडी परत आल्यावर सोडतो. तुमाला पोलिसात सांगायचं असंल तर सांगा."

कर्णिकबाईंनी फुटलेल्या गुडघ्याला रुमाल बांधला. मग म्हणाल्या, "मुलींनो, सामान आवरा."

पोलिसात त्या गेल्या नाहीत. पण गेल्या. बारा मुलींपैकी एकीनेही मागे वळून बघितलं नाही. त्यांना सोडून घरी आल्यावर मी भागीवर ओरडलो, पोलिसांना आता वेगळे साक्षीदार कशाला, सगळ्या आळीने ऐकलं असेल.

"मला तुरुंगात घालतेस काय?"

ती उशा गोळा करत होती. म्हणाली, "तुमी तुरुंगात गेलात तर मी डबा घेऊन येईन. पन हे घर बदनाम झालं तर मी कुठं जाऊ?"

मी खाली पडलेली एक उशी उचलून तिच्या हातात दिली. 

बोभाटा झालाच. अलिबागच्या थांब्यावर लोक म्हणायला लागले, ते माडीवाल्याचं घर होय? उरलेल्या मे महिन्यात कोणी आलं नाही. पावसाळा तर रिकामाच असतो, तेव्हा लाँचच बंद असते. भागीने खाटा उभ्या करून भिंतीला लावल्या. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी माडावरचं मडकं उतरवून फोडलं, पोय कापली, कोयती विहिरीत टाकली. तिने ते बघितलं आणि म्हणाली, "विहिरीत कशाला? पानी खराब होईल." मला बुडी मारून ती परत काढावी लागली.

नारळी पौर्णिमा गेली, लाँच सुरू झाली आणि एके सकाळी भागी नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात उभी.

"मुंबईला जाते."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

तिने अलिबागच्या पुढे जग बघितलं नव्हतं. मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, "तुमी आलात तर परत तुमच्यातूनच बोलावं लागंल." रेवसपर्यंत सोडायला गेलो. ओहोटी होती, लाँच धक्क्याला लागत नव्हती, छोट्या होडीतून जावं लागे. होडी हलली तशी तिने दोन्ही हातांनी काठ धरला. मी हात केला. तिला काठ सोडता येईना, म्हणून तिने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी परत आली. मी विचारलं, काय बोललीस? म्हणाली, "बोलले कायतरी." याच्यापुढे एक शब्द सांगितला नाही. दिवाळीच्या सुटीत कर्णिकबाई आल्या, चार मुली घेऊन. पुढच्या वर्षी बारा. मग वीस. मुंबईत ती नेमकं काय बोलली, ते मला पुढे पंधराएक वर्षं कळलं नाही. कळलं तेव्हा सांगतो.

त्यानंतर भागीने एक रीत पाडली. नव्या बायका उतरल्या की चहाच्या आधी त्यांना वाडीतून फिरवून आणायची. प्रत्येक माडाखाली थांबायची. "वर बघा. ही पोय सुटी हाय, ही पन. बांधलेली दिसली, मडकं दिसलं, तर मला हाक मारायची. मी घरात नसले तर शेजारी यमुनाला." बायका मान वर करून बघायच्या. आणि मी तिथंच, नारळ सोलत. एखादी विचारायची, "पण काढील कोण?" भागी माझ्याकडे बोट करायची. "हे. हात चांगला हाय त्यांचा." बायका हसायच्या.

पहिल्या वर्षी माझ्या अंगाची आग व्हायची. एकदा मी म्हटलं, अजून किती दिवस? ती म्हणाली, "हे तुमच्यासाठी न्हाय. नव्या बाईला पहिल्या दिवशी आपन होऊन वाईट सांगितलं की तिला झोप लागते." तिचं खरं होतं. रात्री कडी न लावता झोपणाऱ्या बायका मी त्या घरात बघितल्या. पुढे पुढे मला पण सवय झाली. कधी ती विसरली तर मीच खाकरायचो.

यमुना, जी भात विकतेस म्हणाली होती, तिचा नवरा गेल्यावर भागीने तिला धंद्याला लावलं. दोन खाटा, चार चादरी दिल्या, पहिल्या पाहुण्या स्वतः नेऊन पोचवल्या. यमुना म्हणाली, "मला बोलता येत न्हाय गो परक्यांशी." भागी म्हणाली, "तुला? कुंपनावरून बरं येत होतं!" आज गावात चार घरं तशी आहेत, चारी बायकांची. कोणी विचारलं की भागी म्हणायची, मी काय केलं, खाटा टाकल्या. पण एकदा तालुक्याचे कोणी साहेब आले, त्यांनी मला विचारलं, तुमचा हा व्यवसाय कधीपासून? मी तोंड उघडायच्या आत ती आतून म्हणाली, "त्यांचा न्हाय. माझा. या, बसा." साहेबाने टोपी काढली. मला राग आला नाही. उलट मी त्याला खुर्ची दिली.

मी तिची माफी कधी मागितली नाही. आमच्यात नवरा मागत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. मला वाटायचं, तिने प्रकरण मिटवलंय, उगाच उकरा कशाला. ती गेल्यावर दहाव्याला कर्णिकबाई आल्या. आता त्यांचे पण केस पांढरे. ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ती शाळेत आली होती त्या दिवशी काय म्हणाली, तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"दोन तास बाकावर बसून होती. मी वर्गातून आले तशी उभी राहून म्हणाली, बाई, घर साफ केलंय असं सांगायला आले न्हाय, घर साफच होतं. माझा माणूस चुकला. तुमी एकच सांगा. तो घरात असला तर तुमी याल काय? न्हाय म्हणालात तर मी त्याला उरनला त्याच्या भावाकडं मिठागरावर धाडते. मी घर एकटी चालवीन."

मी म्हटलं, मग? बाई म्हणाल्या, "मी म्हटलं, राहू दे त्यांना. तर तिला रडू कोसळलं. माझ्या शाळेच्या जिन्यात बसून रडली. म्हणाली, बरं झालं बाई, मला त्यांच्याशिवाय घड्या घालता येत न्हायत."

 बाई गेल्यावर वाडीत जाऊन बसलो. पंधरा वर्षं मी त्या घरात राहिलो तो एका परक्या बाईच्या हो म्हणण्यावर, आणि मला समजत होतं की मी मालक आहे. माफी मागायची होती ती तेव्हा. आता हे लिहिलंय, ते तिला वाचता आलं नसतंच.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ राहिली सांगायची.

आदल्या संध्याकाळी सगळं आटोपलं होतं. आम्हाला मूल नाही, अग्नी मीच दिला. सकाळी यमुना भाकरी आणि डाळ घेऊन आली, सुतकात आमच्या चुलीवर काही करायचं नव्हतं. मी तिला म्हटलं, "यमुना, आज दोन नर्सबाया यायच्या हायत. दहाच्या एस.टी.नं." ती म्हणाली, "दादा, मी कोनाला तरी पाठवते थांब्यावर. तुमी कशाला जाता सुतकात?" मी म्हटलं, "त्या तुझ्याकडं उतरतील. दोन खाटा मोकळ्या ठेव." आणि निघालो.

गावच्या थांब्यावर गाडी आली. दोघी उतरल्या, एक वयस्क, एक तरणी. वयस्क बाई तीन-चारदा येऊन गेलेली. तिने इकडेतिकडे बघितलं. "काकू नाही आल्या?"

"काल दुपारी गेली," मी म्हटलं.

तिला आधी वाटलं बाहेरगावी. मग माझं तोंड बघून कळलं. तिने तरण्या बाईचा हात धरला. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, आम्ही तुमच्याकडेच राहतो. तुम्हाला पण सोबत होईल. आम्हाला काही जेवणखाण नको, आम्ही करू."

बाईंचं मन चांगलं होतं. मला पण घरात कोणाचा आवाज पाहिजे होता, खोटं कशाला सांगू.

"नाही," मी म्हटलं. "घरात आता बाईमाणूस नाही. मी एकटा पुरुष आहे. तुमची सोय यमुनाकडे केलीय. घर चांगलं आहे, विहीर गोडी आहे, ती स्वतः आत झोपते."

तरणी म्हणाली, "पण काका, तुम्ही तर..."

"मी कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही," मी म्हटलं. "चला."

त्यांच्या दोन ट्रंका आणि एक वळकटी रस्त्यावर होती. मी सवयीने वाकलो आणि थांबलो. मी सुतकात, मला त्यांच्या सामानाला हात लावता येत नव्हता. त्यांना सांगितलं, उचला, लांब नाही. त्यांनी दोघींनी मिळून उचललं. मी पुढे झालो. त्या धंद्यात मी पहिल्यांदाच पाहुण्यांच्या पुढे मोकळ्या हातांनी चाललो होतो. हात कुठे ठेवायचे, ते कळत नव्हतं. आमच्या घरासमोरून गेलो, थांबलो नाही, आणि यमुनाच्या दारात पोचल्यावर बाहेरूनच हाक मारली, "यमुना, तुझ्या पाहुण्या आल्या गो."